शाळा, आयटीआय आणि कारखाना: तिघांना एकच डिजिटल व्यासपीठ पुरेल का?

प्रश्न असा आहे. एका शिक्षणसंस्थेची पहिली ते दहावीची मराठी माध्यमाची शाळा आहे, शेजारीच खासगी आयटीआय आहे, आणि आता जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या कामगारांना प्रशिक्षण देण्याचं कामही संस्थेने हाती घेतलंय. तिघांसाठी मिळून एकच डिजिटल व्यासपीठ विकत घ्यावं का, आणि घेतलं तर कुणाला काय द्यावं?

नोंदी ठेवणारी यंत्रणा एकच असली तरी चालेल. शिकण्याची रचना मात्र तिघांसाठी वेगवेगळी लागेल. डिजिटल साधनाचा खरा उपयोग पडद्यावर काहीतरी दिसण्यात नसतो. शिकणाऱ्याने उत्तर दिल्यावर पुढे काय घडतं, त्यात तो असतो. उत्तर चुकलं तर ते कुणाला कळतं? किती वेळात कळतं? आणि कळल्यावर कोण काय करतं? पहिलीतल्या मुलाच्या बाबतीत हा ‘कोण’ म्हणजे शेजारी बसलेलं मोठं माणूस. पाचवीतल्या मुलीसाठी सॉफ्टवेअर आणि वर्गावरच्या बाई मिळून, आयटीआयच्या ट्रेनीसाठी निदेशक, कामगारासाठी लाइनवरचा सुपरवायझर. प्रत्येक गटासाठी या माणसाचं नाव आणि त्याचा आठवड्यातला वेळ कागदावर येईपर्यंत कुठल्याही कंपनीकडून कोटेशन मागवू नका.

हे इतक्या ठामपणे म्हणण्याला आधार आहे. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. त्याचं मोजमाप २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि गणित व भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. याउलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरची चाचणी झाली. ६१९ मुलं होती, बहुतेक सहावी ते नववीची, आणि प्रवेश सोडत काढून दिला होता. रोज दीड तास, त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात शिक्षकासोबत. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत भरीव प्रगती दिसली. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअरने त्यांना सहावीचं न देता, ती जिथे अडली होती तिथलं दिलं. पेरूत यंत्र पोचलं होतं, दिल्लीत मुलाच्या उत्तराची दखल घेतली गेली.

आता लहान मुलांपासून सुरुवात करू.

बालवाडी ते दुसरीपर्यंत मुलाच्या हातात स्वतंत्र टॅब देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे आणि कमी असेल तितकं बरं असं म्हटलं आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटांहून जास्त नको, आणि पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं पुरेत असं सांगितलं होतं. त्या सूचना टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांसाठी होत्या, पण आजही मर्यादा म्हणून त्या धरायला हरकत नाही. या वयात वर्गातला स्मार्ट टीव्ही पुरतो. तीन मिनिटांची गोष्ट लावा, मध्ये दोनदा थांबवा, “आता पुढे काय होईल?” असं विचारा आणि चार-पाच मुलांना बोलू द्या. गोष्ट सलग लावून ठेवली की मुलं शांत बसतात. ती शांतता पाहून शिकणं चाललंय असं वाटतं, पण मुलाची भाषा वाढते ती बोलण्यातून.

घरी पाठवायचं असेल तर व्हिडिओऐवजी ऑडिओ पाठवा. हिशोब सोपा आहे. ३२ केबीपीएसने केलेला दोन मिनिटांचा ऑडिओ अर्ध्या एमबीच्या आत बसतो, तर ३६० पीचा तेवढाच व्हिडिओ सात-आठ एमबी खातो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांसोबत रात्री आठला घरी येतो, तिथे हा फरक कामाला येतो. ऑडिओच्या शेवटी एकच कृती ठेवा: ‘क’ने नाव सुरू होणाऱ्या घरातल्या पाच वस्तू शोधा, किंवा शेंगदाण्यांचे तीन-तीनचे गट करा. पालकाने उलट व्हॉइस मेसेज पाठवावा आणि बाईंनी आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाचा एक तरी ऐकावा. हे होणार नसेल तर रोज पाठवू नका, आठवड्यातून दोनदाच पाठवा.

तिसरी ते आठवी हा डिजिटल सरावाचा सगळ्यात फळ देणारा टप्पा आहे. संस्थेचा बहुतेक पैसा आणि लक्ष इथेच जावं असं माझं मत आहे. एका वर्गात तीन-चार पातळ्यांची मुलं बसलेली असतात आणि बाई एकच असतात. ही अडचण कुठल्याही चांगल्या व्हिडिओने सुटत नाही. योग्य पातळीचा सराव आणि चुकीची लगेच जाणीव, यांनी ती बरीच सुटते.

चाळीस मुलं आणि दहा टॅब असतील तर दोन तासिका जोडून घ्या आणि वर्गाचे चार गट करा. एक गट टॅबवर, एक बाईंसमोर, एक वहीत सोडवतोय, एक जोडीने वाचतोय. वीस मिनिटांनी गट फिरवा. आठवड्यातून तीनदा एवढं पुरे. गट इयत्तेप्रमाणे किंवा पटाच्या क्रमाने पाडू नका, सुरुवातीच्या चाचणीवरून पाडा आणि दर तीन आठवड्यांनी बदला. एका कौशल्यावर दहापैकी आठ बरोबर आले की पुढे, पाचपेक्षा कमी आले तर टॅबवरचा सराव थांबवून मूल थेट बाईंच्या गटात. हा शेवटचा नियम बहुतेक ठिकाणी पाळला जात नाही. चुकणारं मूल टॅबवर तेच ते चुकत राहतं आणि चुकीची पद्धत पक्की होते.

प्रश्नांचा दर्जा कसा ओळखायचा? चुकीचे पर्याय बघा. ४०३ − १६८ घ्या. बरोबर उत्तर २३५. जे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं त्याचं उत्तर ३६५ येतं. ज्याला दशक सुटा करायचा हे माहीत आहे, पण शून्यावरून जाताना तिथे नऊ उरतात हे कळलेलं नाही, त्याचं २४५ येतं. दोन्ही उत्तरं चूकच, पण पहिल्या मुलाला स्थानिक किंमत पुन्हा शिकवायची आहे आणि दुसऱ्याला फक्त ‘मधलं शून्य’. पर्यायांत ३६५ आणि २४५ असतील आणि सॉफ्टवेअर दोघांना वेगळी मदत देत असेल तर ते घेण्यासारखं आहे. पर्याय २३४, २३६, २३७ असे असतील आणि चुकल्यावर नुसतं ‘पुन्हा प्रयत्न करा’ येत असेल, तर त्यापेक्षा गणिताची वही स्वस्त आणि चांगली. विक्रेत्याला दाखवायला सांगायचं ते हेच: कुठलाही एक प्रश्न मुद्दाम दोन वेगवेगळ्या प्रकारे चुकवून दाखवा.

प्रत्यक्षात घोळ होतो तो साध्या गोष्टींत. तिसरीतलं मूल इंग्रजी पासवर्ड टाइप करू शकत नाही आणि वीसातली सहा मिनिटं लॉगइनमध्ये जातात. क्यूआर कार्ड किंवा चित्रांचा पासवर्ड ठेवा. दहा टॅब एकाच पट्टीवर चार्ज होत असतील आणि दुपारी लाइट जात असेल तर चार्जिंग सकाळी परिपाठाआधी उरकायचं, ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. नेट भरवशाचं नसेल तर शाळेतच छोटा सर्व्हर बसवा. ‘कोलिब्री’सारखं मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावर चालतं आणि टॅब त्याला वायफायने जोडले जातात, बाहेरचं नेट लागत नाही. मुलं अंदाजाने टिचक्या मारतायत का हे वेळेवरून कळतं. चार ओळींचा शाब्दिक प्रश्न तीन सेकंदांत सुटला असेल तर तो वाचलाच गेलेला नाही. अशी उत्तरं अहवालात वेगळी दाखवायला सांगा, नाहीतर टक्केवारी फसवी ठरते. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती ‘मूल’ आहे, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मोफत ॲप घेताना ते बनवणारे पैसे कुठून मिळवतात, ही चौकशी आधी करा.

नववी-दहावीबद्दल थोडंच. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर नेतो आणि तिथलं साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येतं, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा असतो, त्यामुळे बहुपर्यायी सराव संकल्पना तपासण्यापुरता ठेवा. उत्तरलेखन कागदावरच करून घ्या आणि शिक्षकांनीच तपासा. या वयात फोन जवळपास प्रत्येक घरात आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचं सांगितलं, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. म्हणून ‘घरी बघून या’ असा मोकळा अभ्यास देऊ नका. वेळ, पान आणि शेवटी वहीत काय लिहून आणायचं, हे ठरवून द्या.

आयटीआयमध्ये प्रश्न वेगळा आहे. इथे हात शिकायला हवेत, आणि हात पडद्यावर शिकत नाहीत. पण हात लावण्याआधी जे डोक्यात असायला हवं ते पडद्यावर उत्तम शिकवता येतं. फिटर ट्रेडचं व्हर्नियर कॅलिपर हे मापाचं साधन घ्या. मुख्य पट्टीवर २४ मिमी, व्हर्नियरची अठरावी रेघ जुळलेली, लीस्ट काउंट (साधन मोजू शकतं ते सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी. वाचन २४.३६. ज्याने २४.१८ लिहिलं त्याने रेघेचा आकडा तसाच दशांशापुढे ठेवला, गुणाकार केलाच नाही. ज्याने २४.९० लिहिलं त्याच्या डोक्यात ०.०५ लीस्ट काउंटचं साधन आहे. ज्याने २५.३६ लिहिलं त्याने व्हर्नियरच्या शून्यापुढची मुख्य रेघ धरली. निदेशकाला सकाळी प्रॅक्टिकलआधी एवढंच कळलं की पंचविसातले नऊजण पहिली चूक करतायत, तर तो त्या नऊजणांना बाजूला घेऊन पाच मिनिटांत विषय संपवतो. मग खरा कॅलिपर हातात, खरा जॉब (घडवायचा तुकडा) समोर, आणि प्रत्येकाने तीन मापं घ्यायची. सिम्युलेटरवर शंभर वाचनं बरोबर आलेल्या ट्रेनीचंही जबड्याचा दाब जास्त पडून प्रत्यक्षातलं माप चुकू शकतं. ते पडद्यावर कळणारच नाही.

वेल्डिंगसारख्या कामात व्हिडिओ वापरायचा तर कॅमेरा वेल्डरच्या डोळ्याच्या जागी हवा, गडद काचेतून घेतलेला. समोरून घेतलेल्या चित्रणात इलेक्ट्रोडचा कोन उलटा दिसतो आणि वितळलेलं डबकं नीट दिसत नाही, आणि शिकायचं तर तेच असतं. तीन मिनिटांहून लांब नको. ट्रेनीच्या स्वतःच्या जॉबचा फोटो आणि बीडची (वेल्डिंगने उमटलेल्या पट्टीची) लांबी फोनवरून जमा करून घ्या. पहिल्या आणि दहाव्या जॉबचे फोटो शेजारी ठेवले की त्याला स्वतःलाच फरक दिसतो.

थिअरीच्या परीक्षा आता संगणकावर होतात आणि ‘भारतस्किल्स’ या सरकारी पोर्टलवर ट्रेडनिहाय प्रश्नसंच उपलब्ध आहेत. ते एका दमात पाठ करून घेण्यापेक्षा पसरून विचारा: शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच प्रश्न, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी तेच पाच, क्रम बदलून. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर, एकदा वाचून मग स्वतःची परीक्षा घेणारे पुढे असतात. मुलांना पुन्हा वाचणं सोपं वाटतं म्हणून ती तेच करतात. हे वेळापत्रक यंत्रणेत एकदा बसवलं की निदेशकाला लक्षात ठेवावं लागत नाही. यंत्र माणसापेक्षा खरोखर सरस ठरतं ते अशाच कामात.

कामगारांकडे वळताना पहिली अट: प्रशिक्षण पगारी वेळेत. शिफ्ट संपल्यावर, बस पकडायच्या घाईत, स्वतःचा नेट पॅक वापरून कुणी शिकत नाही. नुसतं ‘पूर्ण झालं’ दाबलं जातं. कारखान्याशी करार करतानाच शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा, अशी वेळ लिहून घ्या. अनेक शॉपफ्लोअरवर फोन नेता येत नाही, तेव्हा लाइनच्या टोकाला एक भक्कम टॅब आणि ओळखपत्रावरचा क्यूआर कोड, हीच सोय बरी.

आशय चार मिनिटांचा आणि एका निर्णयाभोवती असावा. उदाहरण सुरक्षिततेचं घेऊ. कन्व्हेयरमध्ये पेटी अडकली आहे, डिस्पॅचची गाडी थांबली आहे. कामगार काय करेल? पर्याय एक: इमर्जन्सी स्टॉप दाबून हात घालेल. बहुतेकजण हेच निवडतात, कारण यंत्र थांबलेलं दिसतं. इथेच कारण सांगायला हवं: इमर्जन्सी स्टॉपने कंट्रोल सर्किट थांबतं, पण मुख्य पुरवठा तोडून कुलूपबंद होत नाही, आणि यंत्राच्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये दाब तसाच राहू शकतो. बरोबर क्रम असा: सुपरवायझरला कळवणं, मेन आयसोलेटर (मुख्य वीजपुरवठा तोडणारा स्विच) बंद, त्यावर स्वतःचं कुलूप आणि टॅग, साठलेली हवा सोडणं, आणि शेवटी स्टार्ट बटण दाबून यंत्र खरंच चालू होत नाही याची खात्री. शेवटची पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते, म्हणून ती वेगळा प्रश्न म्हणून विचारा. मग त्याच आठवड्यात सुपरवायझरने त्याच यंत्रापाशी प्रत्येकाकडून हा क्रम करून घ्यावा आणि टॅबवर पाच खुणा कराव्यात. या पाच खुणांशिवाय प्रमाणपत्र देऊ नका.

भाषा लाइनवरचीच ठेवा. ‘टॉर्क रेंच’, ‘रिजेक्शन’, ‘सेटिंग’ हे शब्द तसेच राहू द्यात. आणि निम्मी लाइन परराज्यातली असेल तर हिंदी ऑडिओ पहिल्या दिवसापासून असू द्या.

कारखान्याचा एचआर विभाग ‘किती टक्के पूर्ण’ हा आकडा मागेल. लैंगिक छळ प्रतिबंधासारख्या कायद्याने आवश्यक विषयांत ती नोंद लागतेच, ती द्या. पण कौशल्याच्या प्रशिक्षणात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या उपयोगी पडतात: आवडलं का, शिकला का, कामात वापरतो का, आणि त्याने फरक पडला का. पूर्णतेची टक्केवारी यातल्या पहिल्या पातळीलाही पोचत नाही. तिसरीसाठी तीस दिवसांनी सुपरवायझरची तपासणी, चौथीसाठी त्या स्टेशनवरचं रिजेक्शन (नापास ठरलेला माल) प्रशिक्षणाआधीचे आणि नंतरचे चार-चार आठवडे. त्या काळात साचा किंवा कच्चा माल बदलला असेल तर ते टिपून ठेवा, नाहीतर श्रेय आणि दोष दोन्ही चुकीच्या जागी जातात.

तांत्रिक बिघाडांतला एक नेहमीचा. कामगार सांगतो, “मी पूर्ण केलंय,” आणि यंत्रणा अपूर्ण दाखवते. कोर्स स्कॉर्म १.२ मध्ये (ऑनलाइन कोर्स आणि यंत्रणा जोडणाऱ्या प्रमाण पद्धतीची जुनी आवृत्ती) बनलेला असेल तर शिकणारा कुठवर आला ही माहिती साठवायला त्यात फक्त ४,०९६ अक्षरांची जागा असते. लांब कोर्समध्ये ती भरते आणि पुढची प्रगती जपली जात नाही. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ही मर्यादा ६४,००० आहे, पण कोर्सचे छोटे तुकडे करणं हाच खात्रीचा उपाय. दुसरं कारण म्हणजे खिडकी थेट बंद केल्याने शेवटची नोंद पोचतच नाही, त्यासाठी ‘बाहेर पडा’ बटण शेवटच्या पानावर मोठं द्या. ओळख मोबाइल क्रमांकावर ठेवू नका. सिम बदलतं, ओटीपी भावाच्या फोनवर जातो, आणि ठेकेदार बदलला की त्याच माणसाच्या दोन नोंदी होतात. कामगाराचा कारखान्यातला टोकन क्रमांक आणि चार आकडी पिन पुरेसं आहे.

मराठी मजकुराबाबत तिन्ही गटांना लागू असलेली गोष्ट: सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरांत हवं. जुन्या डीटीपी फाँटमधल्या नोट्स दिसायला मराठी असतात, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. त्यामुळे शोध चालत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर निरर्थक वाचतो. यंत्राच्या आवाजात ऑडिओ करणार असाल तर ‘दुसऱ्या’, ‘वेळ’, ‘चमचा’ असे शब्द असलेली दहा वाक्यं आधी ऐका. हिंदी वळणाचा आवाज ‘च’ आणि ‘ळ’ला हमखास अडखळतो. निवेदन चालू असताना तेच वाक्य पडद्यावर पूर्ण लिहू नका, चित्र आणि दोन-तीन कळीचे शब्द पुरे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी उपशीर्षकं वेगळी, चालू-बंद करता येतील अशी द्या. अक्षर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा.

खरेदी एकदम करू नका. सहा आठवडे एक इयत्ता, एक ट्रेड आणि एक लाइन, एवढ्यावर चालवून बघा. पहिला आठवडा फक्त लॉगइन, चार्जिंग आणि गट बसवण्यात जाईल, तो मोजमापात धरू नका. शेवटी त्याच मुलांची आणि कामगारांची कागदावर किंवा यंत्रापाशी चाचणी घ्या, ॲपच्या आतली नको. करारात तीन कलमं मागून घ्या: तुमच्या शिक्षकांनी बनवलेले प्रश्न संस्थेचे राहतील, सगळ्या नोंदी कधीही साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये काढून घेता येतील, आणि वर्गणी थांबली तरी आधी डाउनलोड केलेलं साहित्य त्या शैक्षणिक वर्षाअखेरपर्यंत चालेल. तिसऱ्या कलमावर विक्रेते अडून बसतात. तिथे तुम्हीही अडून बसा, कारण फेब्रुवारीत, परीक्षेच्या तोंडावर, सराव बंद पडला तर त्याचा फटका मुलांना बसतो.